ओरिएंट एक्सप्रेसनंतरची स्टेशनं

मुंबईच्या क्रिकेटवेड्या माणसाला ब्रेबर्न हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. पाचवे लॉर्ड ब्रेबर्न १९३३ ते १९३७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते आणि चर्चगेटजवळच्या त्या स्टेडियमची कोनशिला त्यांच्याच हस्ते १९३६ मध्ये बसली. पुढे ते बंगालचे गव्हर्नर झाले आणि १९३९ मध्ये कलकत्त्यातच वारले. थोरला मुलगा महायुद्धात जर्मनांच्या हातून मारला गेला, तेव्हा सरदारकी धाकट्या जॉनकडे आली. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता. १९४६ मध्ये त्याचं लग्न माउंटबॅटन यांच्या थोरल्या मुलीशी, पॅट्रिशियाशी झालं. अशा घराण्यातली मुलं एरवी लष्करात, राजकारणात नाहीतर शेतीवाडीच्या कारभारात जात. जॉन ब्रेबर्न मात्र सिनेमाच्या धंद्यात शिरला आणि निर्माता झाला. १९७४ मध्ये रिचर्ड गुडविन या भागीदाराबरोबर त्याने काढलेल्या एका चित्रपटाने खुनाच्या रहस्यकथेला पडद्यावर पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. तो चित्रपट म्हणजे ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’.

खुनाची गोष्ट तुफान चालली की लगेच पुढचा प्रश्न येतो: आता हिची मालिका होईल का? हल्ली हा हिशेब पहिल्या खेळाच्या आधीच मांडलेला असतो. १९७४ मध्ये तो प्रश्न यशानंतर आला. त्याचं उत्तर शोधताना पुढच्या चौदा वर्षांत काय साधलं आणि काय निसटलं, ते मुळातून पाहण्यासारखं आहे.

मुळात ज्यांच्या कादंबरीवर हा चित्रपट निघाला, त्या अगाथा ख्रिस्ती यांचा सिनेमावाल्यांवर विश्वास उरला नव्हता. रेने क्लेअरने १९४५ मध्ये आणि बिली वाइल्डरने १९५७ मध्ये त्यांच्या कथांवर उत्तम चित्रपट केले होते. पण साठच्या दशकात एम.जी.एम. कंपनीने मार्गारेट रुदरफोर्डला त्यांची म्हातारी गुप्तहेर मिस मार्पल करून चार चित्रपट काढले आणि बाई दुखावल्या. रुदरफोर्ड थोर अभिनेत्री होती, ख्रिस्तीबाईंनी तिला आपली एक कादंबरीही अर्पण केली. पण त्या चारांतले दोन चित्रपट मुळात त्यांच्या दुसऱ्या गुप्तहेराच्या, पॉयरोच्या कादंबऱ्यांवरचे, त्यात मार्पल घुसडलेली. चौथ्याला तर कुठल्याच पुस्तकाचा आधार नव्हता, त्यात मार्पलबाई जहाजावर तलवारबाजी करतात. पाठोपाठ १९६५ मध्ये पॉयरोलाही विनोदी पात्र करून टाकणारा एक चित्रपट आला. ज्या लेखिकेने दुवा न् दुवा जुळवून गोष्ट रचली, तिला ही थट्टा कशी सोसावी? (आपल्याकडे त्याच सुमारास राजा नवाथे यांनी ‘गुमनाम’ केला आणि १९७३ मध्ये बी. आर. चोप्रांचा ‘धुंद’ आला. दोन्हींमागे ख्रिस्तीबाईंच्या कथा होत्या. मूळ कथेतला ताण आपल्या हिंदी दिग्दर्शकांनी त्या एम.जी.एम.च्या चित्रपटांपेक्षा जास्त गांभीर्याने घेतला होता, असं माझं मत आहे.)

तेव्हा ब्रेबर्नला हक्क मिळाले ते पैशाच्या जोरावर नव्हे. त्याने आणि गुडविनने १९७१ मध्ये बिअॅट्रिक्स पॉटरच्या बालकथांवर एक बॅले-चित्रपट केला होता, तो बाईंना आवडला होता. मूळ कलाकृतीचा मान राखणारी ही माणसं आहेत, याचा तो पुरावा होता. दुसरा धागा सासऱ्यांचा. माउंटबॅटन यांनी तरुणपणी, १९२४ मध्ये, ख्रिस्तीबाईंना पत्र लिहून एका कथानकाची कल्पना सुचवली होती. दोन वर्षांनी आलेल्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’मध्ये तिचा उपयोग झाला आणि त्या कादंबरीने रहस्यकथेचा इतिहास बदलला. पन्नास वर्षांनी ती ओळख जावयाच्या कामी आली.

निवडलेली कादंबरी १९३४ ची होती. १९२९ मध्ये ओरिएंट एक्सप्रेस तुर्कस्तानात बर्फात अडकून पडली होती. १९३१ मध्ये बाई स्वतः त्या गाडीने परतताना पुरामुळे रखडल्या होत्या. १९३२ मध्ये अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्गच्या तान्ह्या मुलाचं अपहरण होऊन खून झाला आणि सगळं जग हळहळलं. या तीन गोष्टींतून त्यांनी ती कादंबरी उभी केली. अडकलेली गाडी, बंद डबा, एक प्रेत, आणि प्रत्येक उतारूपाशी बिनतोड साक्ष.

दिग्दर्शक म्हणून सिडनी ल्युमेटला घेतलं, हीच मोठी अक्कलहुशारी. ल्युमेट न्यूयॉर्कचा. त्याचा ‘सर्पिको’ नुकताच येऊन गेला होता, रस्त्यावरचा, घामाचा, भ्रष्ट पोलिसांचा सिनेमा. त्याच्याकडून युरोपातल्या श्रीमंती आगगाडीची गोष्ट कोणी मागितली नसती. पण याच माणसाने १९५७ मध्ये ज्यूरींच्या एका खोलीत बसून ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ केला होता. कोंडलेल्या जागेत माणसांच्या चेहऱ्यांवरून गोष्ट कशी सांगायची, हे त्याच्याइतकं कोणाला कळत होतं?

त्याने आधी शॉन कॉनरीला पकडलं. कॉनरी त्याच्याबरोबर तीन चित्रपट करून बसला होता. कॉनरी आला म्हटल्यावर बाकीचे आले: लॉरेन बकॉल, इन्ग्रिड बर्गमन, व्हेनेसा रेडग्रेव्ह, जॉन गिलगुड, अँथनी पर्किन्स, जॅकलिन बिसेट, रिचर्ड विडमार्क. नुसती नावांची माळ म्हणून याकडे पाहू नये. रहस्यपटात प्रेक्षकाची एक जुनी युक्ती असते: छोट्याशा भूमिकेत मोठा नट दिसला की तोच खुनी. इथे ती युक्तीच निकामी झाली. सगळेच मोठे, मग संशय घ्यायचा कोणावर?

पॉयरो झाला अल्बर्ट फिनी. वय जेमतेम ३८. पॉयरो प्रौढ, अंड्याच्या आकाराच्या डोक्याचा, गुळगुळीत केसांचा, टापटीप बेल्जियन. फिनी संध्याकाळी लंडनच्या रंगमंचावर नाटक करायचा आणि दिवसा एल्स्ट्री स्टुडिओत येऊन तासन् तास रंगभूषेला बसायचा: खोटं नाक, गालांत भर, अंगावर गाद्या, चापून बसवलेले केस. मान खांद्यात घालून बसलेला हा माणूस कोणाच्या ओळखीचा वाटत नाही. अलीकडे पुन्हा पाहताना जाणवलं की फिनीचा पॉयरो मुळीच गोड नाही. तो अधीर आहे, मध्येच गुरकावतो, साक्षीदाराच्या अंगावर जातो. पुढच्या कुठल्याही पॉयरोला ही धार आली नाही.

इन्ग्रिड बर्गमनची गोष्ट वेगळी सांगायला हवी. ल्युमेटने तिला रशियन राजकन्येची भूमिका देऊ केली होती, हिऱ्यामोत्यांची, रुबाबाची. तिने ती नाकारली आणि स्वीडिश मिशनरी बाई मागितली, ओशाळी, मोडकंतोडकं बोलणारी. तिच्या साक्षीचा एकच मोठा प्रसंग आहे. ल्युमेटने तो जवळजवळ पाच मिनिटं मध्ये न कापता एका सलग दृश्यात घेतला. कॅमेरा तिच्यासमोरून हळूहळू सरकत राहतो. पॉयरो प्रश्न विचारतो, ती शब्द शोधते, हात एकमेकांत गुंतवते, डोळे चुकवते, देवाचं नाव आलं की चेहरा उजळतो आणि लगेच पुन्हा विझतो. ती खरं बोलते आहे की घाबरून लपवते आहे, हे पहिल्यांदा पाहताना कळत नाही. दुसऱ्यांदा पाहताना तोच प्रसंग पूर्ण वेगळा दिसतो. ऑस्करचं सहाय्यक अभिनेत्रीचं पारितोषिक तिला याच कामासाठी मिळालं, तिचं ते तिसरं ऑस्कर.

आणखी एक दृश्य जवळून पाहण्यासारखं आहे: इस्तंबूलच्या स्टेशनातून गाडी सुटते ते. ते चित्रित झालं पॅरिसजवळच्या रेल्वेच्या आवारात. आधी फलाटावरची गर्दी, उतारूंच्या अंगावर येणारे फेरीवाले, मुदपाकखान्यात चढणारा भाजीपाला, तो निरखून घेणारा आचारी. एकेक करून संशयित डब्यात चढतात. मग इंजिनाचा दिवा भक्कन पेटतो, वाफ सुटते आणि रिचर्ड रॉडनी बेनेटचं संगीत वॉल्ट्झच्या चालीवर वर उठतं. गाडीत लवकरच खून होणार आहे आणि वाद्यवृंद मात्र नाचाला बोलावतो आहे. इथेच प्रेक्षक मनाने गाडीत चढतो. जेफ्री अन्सवर्थच्या छायाचित्रणाला असलेली धुरकट, सोनेरी झाक आणि टोनी वॉल्टनचे पोशाख यांनी तीसचं दशक जितकं देखणं दिसलं, तितकं ते जगणाऱ्यांनाही दिसलं नसेल.

काळही या चित्रपटाच्या बाजूने होता. १९७४ चं वर्ष ब्रिटनमध्ये अंधारात उजाडलं. तेलाची टंचाई, खाणकामगारांचा संप, आणि कारखान्यांना आठवड्यातले तीनच दिवस वीज. अशा वर्षाच्या शेवटी चांदीच्या काट्याचमच्यांची, मखमली गाद्यांची ही गाडी पडद्यावर आली. लोकांनी रांगा लावल्या. संपूर्ण ब्रिटिश पैशावर काढलेल्या चित्रपटाने अमेरिकेतल्या साप्ताहिक गल्ल्याच्या यादीत पहिला क्रमांक घेण्याची ती पहिलीच वेळ. ऑस्करची सहा नामांकनं मिळाली. लंडनच्या पहिल्या खेळाला राणी एलिझाबेथ आली आणि ८४ वर्षांच्या ख्रिस्तीबाईही आल्या. त्यांचं ते अखेरचं सार्वजनिक दर्शन. चित्रपट त्यांना आवडला. तक्रार एकच होती: पॉयरोच्या मिशा पुरेशा भरघोस नाहीत. १२ जानेवारी १९७६ रोजी त्या गेल्या.

यश आलं की त्याचा अर्थ लावावा लागतो, आणि इथे निर्मात्यांनी लावलेला अर्थ अर्धाच बरोबर होता असं मला वाटतं. त्यांनी ठरवलं: बडे नट, परदेशातलं रम्य ठिकाण, तीसच्या दशकाचे कपडे. या तीन गोष्टी जमल्या की मालिका चालेल.

दुसरा चित्रपट ‘डेथ ऑन द नाईल’. फिनीने पुन्हा पॉयरो व्हायला नकार दिला. इजिप्तच्या उन्हात तेवढी रंगभूषा अंगावर वागवायची त्याची तयारी नव्हती. त्याच्या जागी पीटर उस्तिनोव्ह आला. फिनी टोकदार होता, तर हा थोराड, गप्पिष्ट, मिश्किल, आजोळच्या मामासारखा. १९७७ च्या शरद ऋतूत मंडळी आस्वान, अबू सिम्बेल, लक्झरला गेली. दुपारी ऊन सोसवेना, म्हणून पहाटेच रंगभूषेला बसावं लागे. बेटी डेव्हिस त्यात होती. पूर्वीच्या दिवसांत आमच्यासाठी स्टुडिओतच नाईल नदी बांधली असती, आता चित्रपट म्हणजे प्रवासवर्णनं झाली आहेत, अशा अर्थाची तिची तक्रार प्रसिद्ध आहे. मला ती नुसती म्हाताऱ्या नटीची कुरकुर वाटत नाही. मालिका कुठल्या दिशेने चालली आहे, ते तिने नेमकं हेरलं होतं.

या बोटीवर आपला एक माणूस होता, हे मराठी वाचकाला सांगायलाच हवं. बोटीचा व्यवस्थापक मिस्टर चौधरी म्हणून दिसतो तो आय. एस. जोहर, ‘जोहर मेहमूद इन गोवा’वाला. प्रेतं पडत असताना बोटीची आणि उतारूंची अब्रू सांभाळण्याची त्याची तारांबळ अगदी मोजक्या प्रसंगांत आहे, पण नेमकी वठली आहे.

१९७८ मध्ये ‘नाईल’ चांगला चालला, अँथनी पॉवेलच्या वेशभूषेला ऑस्कर मिळालं, पण ‘ओरिएंट एक्सप्रेस’ची उंची गल्ल्याने गाठली नाही. तरी मालिका आता मालिका झाली होती. तिसऱ्या चित्रपटाची तयारी व्हायची होती.

२७ ऑगस्ट १९७९ रोजी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मुल्लाघमोर इथे माउंटबॅटन कुटुंबीयांना घेऊन मासेमारीला निघाले. त्यांच्या बोटीत आय.आर.ए. या आयरिश सशस्त्र संघटनेने बाँब ठेवला होता. माउंटबॅटन गेले. जॉन ब्रेबर्नचा चौदा वर्षांचा मुलगा निकोलस गेला. बोटीवर कामाला असलेला पंधरा वर्षांचा एक मुलगा गेला. जॉनची आई दुसऱ्या दिवशी रुग्णालयात वारली, तीच जी कधी काळी मुंबईच्या गव्हर्नरची पत्नी म्हणून मलबार हिलवर राहिली होती. जॉन, पॅट्रिशिया आणि निकोलसचा जुळा भाऊ टिमथी जबर जखमी होऊन वाचले. कागदावरचे खून देखणे करून विकणाऱ्या माणसाच्या घरात खरा खून असा शिरला. याच्यावर जास्त लिहिणं मला प्रशस्त वाटत नाही. एवढंच नोंदवतो की पुढच्याच वर्षी त्याचा पुढचा चित्रपट पूर्ण झाला आणि निर्माता म्हणून त्याचं नाव पडद्यावर होतं.

तो चित्रपट ‘द मिरर क्रॅक्ड’. यात पॉयरोऐवजी मिस मार्पल आणि तिच्या भूमिकेत ‘नाईल’मधली अँजेला लान्सबरी. एलिझाबेथ टेलर, रॉक हडसन, किम नोवाक, टोनी कर्टिस अशी फौज होती. पण ही पन्नासच्या दशकातली नावं होती. १९८० च्या तरुण प्रेक्षकाला त्यांची भूल पडेना. कथेचा गाभा फार दुःखद आहे, एका आईच्या वाट्याला आलेल्या आघाताचा, आणि टेलरने शेवटच्या भागात तो मनापासून पेलला आहे. पण मार्पललाच कथेत एका कोपऱ्यात बसवलेलं. चित्रपट पडला. लान्सबरीचं मात्र भलं झालं. १९८४ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘मर्डर, शी रोट’ सुरू झाली, त्यात ती खुनांचा छडा लावणारी लेखिका झाली आणि बारा वर्षं घराघरांत राहिली.

१९८२ मध्ये ‘ईव्हिल अंडर द सन’. मूळ कादंबरी इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरची, चित्रपट उचलून नेला मायोर्काच्या निळ्या समुद्रावर. पुन्हा उस्तिनोव्ह, पुन्हा ‘नाईल’मधल्याच मॅगी स्मिथ आणि जेन बर्किन. मला हा चित्रपट आवडतो, त्यातली बोचरी संभाषणं फार गमतीची आहेत. पण तिकीटबारीवर तो थंड राहिला. ब्रेबर्न आणि गुडविन यांनी तिथे पॉयरोचा निरोप घेतला आणि १९८४ मध्ये डेव्हिड लीनला घेऊन ‘अ पॅसेज टू इंडिया’ केला.

त्यापुढची उतरण वेगाने झाली. उस्तिनोव्ह दूरचित्रवाणीसाठी पॉयरो करत राहिला, पण काळ आधुनिक, खर्च कमी. १९८८ मध्ये कॅनन कंपनीने मायकेल विनरच्या दिग्दर्शनाखाली ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’ इस्रायलमध्ये चित्रित केला. त्यात लॉरेन बकॉल आणि जॉन गिलगुड होते, ओरिएंट एक्सप्रेसचे जुने उतारू. प्रेक्षक फिरकला नाही. चौदा वर्षांची मालिका तिथे संपली.

का संपली? नट आणि ठिकाणं दर वेळी आणता येतात, पण त्यांचं नवल दर वेळी कमी होत जातं. मधल्या काळात पॉयरोचा चेहरा बदलला, तो मध्येच गायब झाला, परत आला, आणि ही अदलाबदल निर्मात्यांना फारशी खटकली नाही, कारण त्यांच्या लेखी गुप्तहेर हा पाहुण्यांची ओळख करून देणारा यजमान होता. ख्रिस्तीबाईंनी पॉयरोच्या ३३ कादंबऱ्या लिहिल्या, त्यात नेमकं उलट आहे. माणूस तोच, त्याच्या सवयी, त्याचा अहंकार, त्याची टापटीप तीच. बाकी सगळं दर वेळी पणाला लावलेलं. वाचक पॉयरोच्या हाताला धरून अनोळखी घरात शिरतो.

ही किल्ली सापडली दूरचित्रवाणीला. १९८५ च्या एका टीव्ही-चित्रपटात उस्तिनोव्हच्या पॉयरोसमोर इन्स्पेक्टर जॅप झाला होता डेव्हिड सुशे. १९८९ मध्ये तो स्वतः पॉयरो झाला. आधी त्याने कादंबऱ्या वाचून या माणसाच्या बारीकसारीक लकबींची यादी काढली. २०१३ पर्यंत, चोवीस वर्षं, सत्तर कथा त्याने केल्या. छोट्या पडद्याच्या माफक खर्चात आणि बहुतेक वेळा जगप्रसिद्ध नटांवाचून.

मग २०१७ मध्ये नट-दिग्दर्शक केनेथ ब्रानाने तीच गाडी पुन्हा काढली. या वेळी मिशा एवढ्या भरघोस की ख्रिस्तीबाईंची तक्रार कायमची मिटावी. साडेपाच कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे ३५ कोटी डॉलर मिळवले. शेवटच्या प्रसंगात नाईलवर पोचायचं बोलावणं आलं, म्हणजे पुढच्या भागाची घोषणाच झाली. करोनामुळे लांबलेला ‘डेथ ऑन द नाईल’ २०२२ मध्ये आला, त्यात आपला अली फझल होता. कमाई पावणेचौदा कोटींच्या आसपास. २०२३ चा ‘अ हॉन्टिंग इन व्हेनिस’ साधारण बारा कोटींवर थांबला. आता पॉयरो एकच होता, तरी उतरण झाली. मला दिसणारं एक कारण हे की पहिल्या दोन गोष्टींचे शेवट आता जगाला ठाऊक आहेत.

दुसरी वाट दिग्दर्शक रायन जॉन्सनने दाखवली. तो लहानपणापासून उस्तिनोव्हच्या पॉयरोचा चाहता. त्याने २०१९ मध्ये ‘नाइव्ह्ज आउट’ केला तो ख्रिस्तीबाईंच्या रीतीने, पण कथा स्वतःची. चार कोटी डॉलरच्या चित्रपटाने तीस कोटींहून जास्त मिळवले आणि २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने पुढच्या दोन भागांसाठी ४५ कोटींच्या वर रक्कम मोजली. ‘ग्लास अनियन’ आणि ‘वेक अप डेड मॅन’ या पुढच्या भागांत बेन्वा ब्लँक हा गुप्तहेर तोच, बाकी एकही पात्र जुनं नाही. ब्रेबर्न-गुडविन यांना पन्नास वर्षांपूर्वी हीच वाट मोकळी होती. पण ती धरायला पॉयरोवर जास्त आणि नाईलवर कमी विश्वास ठेवावा लागला असता.

तरीही त्यांचा पहिला चित्रपट या सगळ्यांत सरस आहे, असं मी ठामपणे म्हणतो. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी शेवट कुठेही न वाचता, कोणालाही न विचारता पाहावा. आणि ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तो दुसऱ्याला सांगू नये.